एच-१बीची लॉटरी: मार्चच्या आधी तुमच्या हातात काय असतं

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत फोनवर एकच प्रश्न असतो, "लागली का?" काय लागली, ते सांगावं लागत नाही: एच-१बीची, म्हणजे अमेरिकेत पदवीच्या जोरावर नोकरी करू देणाऱ्या व्हिसाची लॉटरी. कंपनी मार्चमध्ये तुमचं नाव नोंदवते आणि नावं जागांपेक्षा जास्त झाली की सोडत निघते. माझी तिसऱ्या वर्षी लागली. आधीची दोन वर्षं मी हा सगळा नशिबाचा भाग समजून वकिलावर सोडून दिला होता. तिसऱ्या वर्षी नोंदणीची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना वकिलाच्या ऑफिसकडून आलेली पीडीएफ सहज उघडली. माझा जन्म ५ ऑगस्टचा, आणि तिथे लिहिलं होतं ८ मे. मी फॉर्मवर आपल्या सवयीने ०५/०८ लिहिलं होतं आणि टाइप करणाऱ्याने ते अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, असं वाचलं. रात्री साडेदहाला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नोंदणी काढून नवी टाकली गेली. मुदत उलटल्यावर त्यात काहीच बदलता आलं नसतं.

त्या रात्रीपासून ओळखीतल्या प्रत्येक मुलामुलीला मी सांगत आले आहे, की सोडत संगणक काढतो हे खरं, पण तुमच्या नावाची चिठ्ठी त्या पेटीत नीट पडली आहे का, आणि आता तर किती चिठ्ठ्या पडल्या आहेत, हे बऱ्याच अंशी आधीच्या सहा-सात महिन्यांत ठरतं. म्हणून हा लेख ऑगस्टपासून सुरू होतो.

८५,००० चा हिशेब

एच-१बी हा व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला आणि तेव्हाच वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली गेली. डॉट-कॉमच्या तेजीत ती वाढत वाढत २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत १,९५,००० वर गेली. २००४ साली पुन्हा ६५,००० झाली आणि आजवर तेवढीच आहे. २००४ च्याच एका कायद्याने अमेरिकन विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा दिल्या. ६५,००० पैकी ६,८०० जागा चिली आणि सिंगापूरच्या नागरिकांसाठी बाजूला ठेवतात, आणि त्यांतल्या उरलेल्या पुढच्या वर्षीच्या साठ्यात येतात.

अमेरिकेचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्यामुळे मार्चमध्ये नोंदणी, एप्रिलपासून अर्ज आणि ऑक्टोबरपासून नोकरी असा क्रम लागतो. या मार्चमध्ये केलेली नोंदणी पुढच्या आकड्याच्या वर्षाची म्हणवली जाते, हेही लक्षात ठेवा. बातम्या वाचताना बरेच जण इथेच गोंधळतात.

२०२४ या आर्थिक वर्षासाठी ७,८०,८८४ नोंदण्या आल्या होत्या, आणि त्यांतल्या ४ लाखांहून अधिक एकापेक्षा जास्त कंपन्यांनी नोंदवलेल्या व्यक्तींच्या होत्या. एकेका माणसासाठी पाच-पाच, सात-सात कंपन्या नोंदणी टाकत होत्या आणि एकाच कंपनीतून प्रामाणिकपणे भरणारा मागे पडत होता. मार्च २०२४ पासून निवड नोंदणीनुसार न होता व्यक्तीनुसार होऊ लागली आणि हा प्रकार ओसरला. मार्च २०२५ मध्ये नोंदणीचं शुल्क १० डॉलरवरून २१५ डॉलर झालं. त्या वर्षी पात्र नोंदण्या ३,४३,९८१ होत्या आणि निवड १,२०,१४१ ची झाली. जागा ८५,००० असताना निवड जास्त का? कारण निवड होऊनही काही कंपन्या अर्ज करत नाहीत आणि काही अर्ज नामंजूर होतात. इमिग्रेशन खातं, म्हणजे यूएससीआयएस, तेवढी गळती आधीच धरून चालतं.

निवडीचा क्रमही समजून घ्या. आधी मास्टर्सवाल्यांसह सगळ्यांमधून ६५,००० च्या कोट्यासाठी निवड होते. मग उरलेल्या मास्टर्सवाल्यांमधून २०,००० साठी. म्हणजे त्यांना दोन संधी मिळतात.

तुम्हाला या रांगेत उभं राहायची गरज आहे का?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. विद्यापीठं, विद्यापीठांशी संलग्न ना-नफा संस्था (यात बरीच हॉस्पिटलं येतात), ना-नफा संशोधन संस्था आणि सरकारी संशोधन संस्था यांना वार्षिक मर्यादा लागू नाही. त्या वर्षभर केव्हाही अर्ज करू शकतात. तिथून पुढे खासगी कंपनीत जायचं झालं, तर मात्र तेव्हा लॉटरीत उतरावं लागतं.

दुसरा गट पुण्यामुंबईला परतलेल्यांचा. तुम्ही पूर्वी खासगी कंपनीत, मर्यादेत मोजल्या गेलेल्या एच-१बीवर काम केलं असेल आणि त्याच्या एकूण सहा वर्षांच्या मुदतीतली काही वर्षं शिल्लक असतील, तर उरलेल्या काळासाठी नव्याने लॉटरी लागत नाही. चार वर्षं तिथे काढून आई-वडिलांसाठी कोथरूडला परत आलेल्या माणसाकडे दोन वर्षं शिल्लक असतात, आणि ते त्याच्या गावीही नसतं. जुन्या मंजुरीची प्रत, म्हणजे आय-७९७, जपून ठेवा.

ऑगस्ट ते डिसेंबर: पदवी आणि काम यांची सांगड

ज्या कामाला विशिष्ट विषयातली किमान बॅचलर पदवी लागते, त्यालाच एच-१बी मिळतो. पदवीचा विषय आणि काम यांचा तर्कसंगत संबंध दाखवावा लागतो. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची चार वर्षांची बी.ई. असेल तर सहसा अडचण नसते. तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.एस्सी. किंवा बी.सी.ए.ला मात्र एकट्याने अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीचं धरतील असं समजू नका. त्या क्षेत्रातल्या चढत्या जबाबदारीच्या तीन वर्षांच्या अनुभवाला शिक्षणाचं एक वर्ष मोजण्याची तरतूद आहे. त्यासाठी जुन्या कंपन्यांची तपशीलवार अनुभवपत्रं लागतात आणि पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. बंद पडलेल्या कंपनीतल्या मॅनेजरला शोधून पत्र मिळवायला दोन महिने सहज जातात. हे काम मार्चवर ढकलू नका.

मास्टर्सच्या कोट्याच्या तीन अटी आहेत: पदवी अमेरिकन संस्थेची हवी, संस्था मान्यताप्राप्त हवी आणि ती सार्वजनिक किंवा ना-नफा हवी. नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठाची मास्टर्स या कोट्यात बसत नाही. भारतातली एम.टेक.ही नाही. आणि अर्ज दाखल होईल त्या दिवशी पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झालेल्या हव्यात, हे मे महिन्यात पदवीधर होणाऱ्यांनी नीट पाहावं. नोंदणीत मास्टर्सच्या कोट्याची खूण चुकीची करून निवड झाली तर अर्ज नाकारला जातो आणि ते वर्ष हातचं जातं.

जानेवारी: वेतनाची पातळी स्वतः काढा

हा भाग नवा आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचाही. २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमानुसार, नोंदण्या जागांपेक्षा जास्त आल्या तर निवड पगाराच्या पातळीनुसार वजन देऊन होते. अमेरिकेचं कामगार खातं प्रत्येक व्यवसायाचे, प्रत्येक भागातले चार पातळ्यांचे पगार जाहीर करतं. तुमचा पगार चौथ्या पातळीला पोचत असेल तर पेटीत तुमच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, तिसऱ्याला तीन, दुसऱ्याला दोन आणि पहिल्याला एक. नियमाच्या मसुद्यात खुद्द सरकारने मांडलेला अंदाज असा होता, की निवडीची शक्यता पहिल्या पातळीला सुमारे १५ टक्के, दुसरीला ३१, तिसरीला ४६ आणि चौथीला ६१ टक्के राहील. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांवर हा नियम जड जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नियम आहे तो आहे. त्यात आपला आकडा कुठे बसतो ते तरी डोळ्यांनी पाहायला हवं.

कामगार खात्याच्या 'फ्लॅग' या संकेतस्थळावर वेतन शोधायची सोय आहे आणि ती कुणालाही वापरता येते. तिथे राज्य आणि भाग निवडा, मग व्यवसायाचा कोड. सॉफ्टवेअर डेव्हलपरचा १५-१२५२, सॉफ्टवेअर टेस्टिंगवाल्यांचा १५-१२५३, डेटा सायंटिस्टचा १५-२०५१. समोर चार आकडे येतात. तुमचा पगार ज्या सर्वांत वरच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असेल, ती तुमची पातळी.

गेल्या जानेवारीत माझ्या मैत्रिणीच्या भावाबरोबर बसून आम्ही हे केलं. तो म्हणाला, "ताई, मी ज्युनिअर आहे, म्हणजे माझी पहिलीच असणार." तसं नसतं. नोंदणीतली पातळी पदाच्या नावावरून ठरत नाही, पगाराचा आकडा कुठे पोचतो त्यावरून ठरते. त्याची कंपनी कॅलिफोर्नियातली, पण तो काम करणार होता ओहायोतल्या ऑफिसमधून. सॅन होजेच्या तक्त्यात त्याचा पगार पहिल्याच पातळीत राहत होता, ओहायोतल्या त्याच्या भागाच्या तक्त्यात दुसरी ओलांडून तिसरीच्या जवळ पोचला होता. तिसरीला थोडेच डॉलर कमी पडत होते. त्याने एचआरला तो तक्ता दाखवून वार्षिक पगारवाढ मार्चच्या आधी धरता येईल का, असं विचारलं. त्यांनी मान्य केलं. प्रत्येक कंपनी करेलच असं नाही, पण विचारण्यात गैर काही नाही. मात्र तो पगार खरोखर मिळायला हवा. नोंदणीत वरची पातळी दाखवून अर्जात किंवा पुढे पगार खाली आणला, तर अर्ज नाकारता येतो आणि मिळालेली मंजुरीही रद्द होऊ शकते.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात.

घरून काम करत असाल तर तुमचं घर ज्या भागात आहे तोच कामाचा भाग धरतात, कंपनीचं मुख्यालय नव्हे. एकापेक्षा जास्त ठिकाणी काम असेल, तर त्यांतली सर्वांत खालची पातळी लागू होते. कन्सल्टन्सीत क्लायंटच्या ऑफिसमध्ये बसणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

बोनस आणि शेअर्स धरून पातळी काढू नका. ऑफर लेटरमध्ये खात्रीचा लिहिलेला पगार घ्या.

आणि दोन कंपन्यांच्या खऱ्याखुऱ्या ऑफर असतील, तर दोघी तुमच्यासाठी नोंदणी करू शकतात, पण तुमचं वजन त्या सगळ्या नोंदण्यांतल्या सर्वांत खालच्या पातळीनुसार ठरतं. एकीने चौथी पातळी दिली आणि दुसरीने पहिली, तर तुमची चिठ्ठी एकच. "असू दे आणखी एक" म्हणून टाकलेली दुसरी नोंदणी आता तुमचंच नुकसान करू शकते.

फेब्रुवारी: पासपोर्ट आणि नाव

व्यक्तीनुसार निवड होते म्हणजे पासपोर्टनुसार होते. एका व्यक्तीची नोंदणी एकाच वैध पासपोर्टवर व्हायला हवी, आणि पुढे अर्जातही तोच असायला हवा. पासपोर्टची मुदत वर्षभरात संपत असेल, तर नूतनीकरण शक्यतो जानेवारीच्या आत उरकून घ्या. मधेच बदलावाच लागला, तर जुन्या-नव्या दोन्ही पासपोर्टच्या प्रती आणि खुलासा अर्जाला जोडता येतो. पण तो मान्य करायचा की नाही हे खात्यावर आहे.

नावाचा घोळ हा खास आपला. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि अनेकदा शेवटी आईचंही. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर पदवीवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. नोंदणीत नाव पासपोर्टवर जसं छापलंय अगदी तसं जायला हवं: वडिलांचं नाव गळू नये आणि आडनावाच्या रकान्यात जाऊ नये. पदवीवरचं नाव वेगळं असेल तर त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद तयार ठेवा. ती पुढे अर्जाबरोबर लागेल.

मार्च: नोंदणी

नोंदणी कंपनी करते, तुम्ही नाही. कंपनीचं यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर खातं असतं, वकील तिच्या वतीने माहिती भरतो, कंपनी ती तपासून मंजूर करते आणि मग २१५ डॉलर भरले जातात. मुदत किमान १४ दिवसांची असते. पहिल्या आठवड्यातच भरायला सांगा आणि भरलेल्या पानाची प्रत मागा. मागायला संकोच करू नका. मी दोन वर्षं केला. पासपोर्टच्या शेजारी ती प्रत ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा: नाव, जन्मतारीख, जन्माचा देश, पासपोर्ट क्रमांक, मास्टर्सची खूण, व्यवसायाचा कोड, कामाचा भाग, वेतनाची पातळी. तारखेत महिना अक्षरात लिहून पाठवलात तर माझ्यासारखी वेळ येणार नाही.

एकाच कंपनीने एकाच व्यक्तीसाठी दोनदा नोंदणी केली तर दोन्ही बाद होतात. आणि "एवढे लाख द्या, लॉटरी लावून देतो" म्हणणारा कुणी भेटला, मग तो हैदराबादचा असो की हिंजवडीचा, त्याच्या हातात काहीही नसतं हे पक्कं समजा. खोट्या ऑफरवर झालेली नोंदणी उघड झाली तर डाग तुमच्या नावावर राहतो.

निकाल आणि अर्ज

निकाल साधारण ३१ मार्चपर्यंत लागतो. कंपनीच्या खात्यात 'सिलेक्टेड' दिसलं तर निवड झाली. 'सबमिटेड' दिसलं तर तुम्ही अजून शर्यतीत आहात. २०२३ साली जुलैअखेर आणि २०२४ साली ऑगस्टमध्ये दुसरी फेरी निघाली होती. २०२५ मध्ये निघाली नाही. त्यामुळे त्या आशेवर दुसरे पर्याय थांबवू नका.

निवड म्हणजे व्हिसा नव्हे. निवड झाली म्हणजे अर्ज करण्याची परवानगी मिळाली, आणि त्यासाठी किमान ९० दिवसांची मुदत असते. आधी कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींची कंपनीने दिलेली हमी, मंजूर करून घ्यावी लागते. तिला कामाचे सात दिवस लागतात, आणि पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या छोट्या कंपनीला तिचा कर क्रमांक पडताळून घ्यायला आणखी वेळ जातो. मग आय-१२९ हा मुख्य अर्ज. त्याचं शुल्क मोठ्या कंपनीला ७८० डॉलर, छोट्या आणि ना-नफा संस्थांना ४६०. फसवणूक-प्रतिबंधाचे ५००, प्रशिक्षण निधीचे ७५० किंवा १,५००, आश्रय कार्यक्रमाचे ३०० किंवा ६००. निकाल लवकर हवा असेल तर प्रीमियमचे २,९६५ वेगळे. प्रशिक्षण निधीचे पैसे तुमच्या पगारातून कापणं बेकायदेशीर आहे.

आता १ लाख डॉलरच्या शुल्काबद्दल. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या जाहीरनाम्यानुसार, २१ सप्टेंबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नव्या अर्जांवर, व्यक्ती अमेरिकेबाहेर असेल तर ही रक्कम लागू केली गेली. जाहीरनाम्याची मुदत १२ महिन्यांची धरली आहे आणि ती वाढवता येते, म्हणून अर्जाच्या दिवशी स्थिती काय आहे ते वकिलाकडून लेखी घ्या. अमेरिकेतच वैध स्टुडंट व्हिसावर असलेल्या आणि तिथल्या तिथे स्टेटस (व्हिसाचा प्रकार) बदलून मागणाऱ्या व्यक्तीला, ती मागणी मंजूर झाली तर, ही रक्कम लागत नाही. नाशिक किंवा नागपुरातून थेट जाणाऱ्यासाठी कंपनी एवढी रक्कम भरायला तयार आहे का, हे नोंदणीच्या आधीच विचारायला हवं.

याच कारणाने एक कळकळीची विनंती. अर्ज प्रलंबित असताना देश सोडला, तर स्टेटस बदलण्याची मागणी सोडून दिली असं धरतात, आणि मग त्या १ लाखाचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. हा काळ नेमका मे महिन्यातल्या लग्नांचा आणि गणपतीचा असतो. चुलत बहिणीचं लग्न चुकलं म्हणून घरचे रुसतील. त्यांना हे आधीच समजावून सांगा आणि तिकीट काढण्यापूर्वी वकिलाला विचारा. मंजुरी आल्यावरही १ ऑक्टोबरपर्यंत थांबणंच चांगलं.

ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर स्टुडंट व्हिसावरच काम करण्याची मुभा, मधेच संपत असेल तर कॅप-गॅपची सोय आहे. ओपीटी चालू असतानाच स्टेटस बदलाच्या मागणीसह अर्ज दाखल झाला, तर काम करण्याची मुभा आता पुढच्या १ एप्रिलपर्यंत वाढते (त्याआधी एच-१बी सुरू झाला तर तोपर्यंत). कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून नवीन आय-२० (स्टुडंट व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र) मागून घ्या आणि एचआरला द्या.

पुढे कधीतरी भारतात येऊन स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसा लावून घेणं) करावं लागेल. मुलाखत आता स्वतःच्या देशात किंवा जिथे राहता त्या देशात द्यायची असते, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्यांच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जातात, ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. तेव्हा अनेकांच्या भारतातल्या तारखा एकाएकी महिनोन् महिने पुढे गेल्या. परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा आणि ऑफिसला तशी कल्पना देऊन निघा.

नाही लागली तर

स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखेच्या पदवीला १२ महिन्यांची ओपीटी आणि वर २४ महिने मिळतात, म्हणजे साधारण तीन संधी. पहिल्याच वर्षी, ओपीटीच्या सुरुवातीलाच नोंदणी करायला कंपनीला गळ घाला. "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्यात एक संधी वाया जाते. कंपनीचं पुण्यात किंवा बाहेर कुठे ऑफिस असेल, तर तिथे एक वर्ष काम करून एल-१, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर येता येतं. त्याला वार्षिक मर्यादा नाही. संशोधनात नाव मिळवलेल्यांनी ओ-१, म्हणजे असामान्य गुणवत्तेच्या व्हिसाबद्दल वकिलाला विचारावं. नवरा किंवा बायको एच-१बीवर असून त्यांच्या ग्रीनकार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर असेल, तर एच-४ वर राहून कामाचा परवाना काढता येतो. मधल्या काळात ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसांसाठी ई-३ हा वेगळा व्हिसा आहे, त्याच्या वर्षाला १०,५०० जागा असतात.

ओपीटी संपल्यावर ६० दिवस मिळतात. ते सामान बांधण्यासाठी, दुसऱ्या अभ्यासक्रमाला जाण्यासाठी किंवा स्टेटस बदलाचा अर्ज टाकण्यासाठी असतात; त्या दिवसांत काम करता येत नाही, बिनपगारी मदत म्हणूनही जुन्या टीमचा लॅपटॉप उघडू नका.